मंगलाच्या वाळूत सोडलेलं घट्ट पाणी

म्हाताऱ्या तेलक्षेत्रांवरचा इलाज, अशी पॉलिमरची ओळख नेहमी करून दिली जाते. विहिरींतून तेलापेक्षा पाणीच जास्त यायला लागलं, की पाण्यात पॉलिमर मिसळून ते घट्ट करायचं आणि मागे राहिलेलं तेल त्याने ढकलून काढायचं, असा सर्वसाधारण समज आहे. राजस्थानातल्या बाडमेरजवळच्या मंगला तेलक्षेत्राचं प्रकरण अभ्यासावं असं मला वाटतं ते या समजुतीमुळेच. तिथे या इलाजाची तयारी पहिलं तेल बाहेर यायच्या आधीच सुरू झाली होती, आणि पॉलिमर प्रत्यक्ष जमिनीत गेलं तेव्हा क्षेत्राचं उत्पादन सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. भारतातला हा सर्वांत मोठा पॉलिमर प्रकल्प आहे.

पॉलिमरचं रसायनशास्त्र पाठ्यपुस्तकांत सापडतं. मला सांगायचं आहे ते थोडं वेगळं. या कामात आपण पैसे मोजतो ते चिकटपणासाठी, आणि पोत्यातून निघालेली भुकटी जमिनीखालच्या वाळूपर्यंत पोचेतो तो चिकटपणा इतक्या ठिकाणी मरू शकतो की सगळी अभियांत्रिकी त्याला जिवंत ठेवण्यातच खर्ची पडते.

क्षेत्र आणि त्याचं तेल

मंगला सापडलं २००४च्या जानेवारीत. तेल शोधायला नेमून दिलेल्या या टापूत, म्हणजे ब्लॉकमध्ये, आधी शेल कंपनी होती. तिने २००२ साली आपला हिस्सा केर्न या तेलकंपनीला विकला आणि दोनच वर्षांत तिथे दोन दशकांतला देशातला सर्वांत मोठा जमिनीवरचा शोध लागला. मंगला, भाग्यम आणि ऐश्वर्या ही तिथली तीन मोठी क्षेत्रं. ओएनजीसीचा वाटा ३० टक्के. २९ ऑगस्ट २००९ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते उत्पादन सुरू झालं. मंगलाच्या पोटात मुळात साधारण सव्वाशे कोटी बॅरल तेल होतं. किती निघेल हा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून तेलाच्या स्वभावाने अवघड करून ठेवला होता.

हे तेल मेणाचं आहे. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली सकाळी गोठलेली असते आणि ती उन्हात ठेवावी लागते. मंगलाचं तेल चाळीस अंशांच्या आसपासच गोठतं, म्हणजे ते एरवीच्या हवेत घट्टच असायचं. म्हणून बाडमेरहून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरची वाहिनी टाकावी लागली, ती पूर्ण लांबीभर विजेने गरम ठेवलेली. ती जगातल्या सर्वांत लांब गरम वाहिन्यांपैकी आहे.

जमिनीखाली साठ्याचं तापमान साधारण ६० ते ६५ अंश. त्यापेक्षा थोडेच अंश खाली गेलं की तेलातून मेण सुटायला लागतं. म्हणजे दाब टिकवण्यासाठी जमिनीत पाणी सोडायचं तर तेही गरम करूनच सोडायला हवं, नाहीतर विहिरीच्या भोवतालचा खडक मेणाने तुंबेल. मंगलाचा मूळ आराखडाच गरम पाणी सोडण्याचा होता. वाळवंटात हे पाणी आणायचं कुठून? पिण्याच्या पाण्याला हात न लावता थुंबलीच्या खाऱ्या भूजलातून ते घेतलं गेलं.

खडक मात्र उत्तम. फतेहगढ नावाचा हा वालुकाश्म प्राचीन नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा आहे. पोकळी २५ टक्क्यांच्या आसपास, आणि पारगम्यता, म्हणजे खडकातून द्रव किती सहज वाहतं त्याचं माप, सरासरीने काही डार्सी. तेलउद्योगात शंभर मिलिडार्सीचा खडकही बरा समजतात, तिथे काही डार्सी म्हणजे हजारो मिलिडार्सींची भाषा. पण नदीची वाळू एकसारखी नसते. पात्राच्या मधोमध जाडीभरडी, काठाला बारीक, पुराच्या गाळाची मधेच चिकणमाती. म्हणून एका थरातून पाणी धावतं आणि शेजारच्या थरात ते शिरतही नाही.

पाण्याने काय बिघडतं

आता त्या खडकात तेलाचा चिकटपणा धरा. मंगलात तो साठ्याच्या तापमानाला जागेप्रमाणे साधारण ९ ते २० सेंटिपॉइजच्या पट्ट्यात आहे. सेंटिपॉइज हे चिकटपणा मोजायचं एकक. त्याच तापमानाला पाण्याचा चिकटपणा अर्धा सेंटिपॉइजही भरत नाही. पाठ्यपुस्तकं चिकटपणाला विष्यंदिता म्हणतात. कामावर सगळे व्हिस्कॉसिटीच म्हणतात, मी इथे साधा शब्द वापरतो.

ताटात काकवी पसरून तिच्यावर एका बाजूने पाणी सोडून पाहा. पाणी काकवीला समोरून ढकलत नेत नाही. ते तिच्यातून बोटांसारख्या वाटा काढतं आणि पलीकडे पोचतं. एकदा वाट पडली की मागचं सगळं पाणी त्याच वाटेने जातं आणि बाजूची काकवी जिथल्या तिथे राहते. खडकात नेमकं हेच होतं, फक्त दिसत नाही. दिसतं ते उत्पादक विहिरीच्या तोंडाशी. पाण्याचा वाटा लवकर वाढू लागतो आणि मग खाली येत नाही.

आकड्यांत सांगायचं तर मोबिलिटी रेशो काढतात. ढकलणारं द्रव किती सहज वाहतं, भागिले ढकललं जाणारं किती सहज वाहतं. नमुन्यादाखल हिशोब करू. तेल १५ सेंटिपॉइज, पाणी ०.४५, आणि पाण्याला खडकातून मिळणारी सापेक्ष वाट तेलाच्या तुलनेत ०.३ धरली, तर गुणोत्तर येतं १०. म्हणजे पाणी तेलापेक्षा दहापट सहज पळतं. हे गुणोत्तर १ किंवा त्याखाली असेल तर ढकलणारं द्रव भिंतीसारखं पुढे सरकतं. आता पाण्याचा चिकटपणा २० सेंटिपॉइज केला तर तेच गुणोत्तर ०.२२ च्या आसपास येतं. तेलात काही बदललेलं नाही, खडकात काही बदललेलं नाही. फक्त पाणी घट्ट केलं.

घट्ट पाण्याचा दुसरा फायदा थरांच्या बाबतीत आहे, आणि मंगलासारख्या नदीच्या वाळूत तो पहिल्याइतकाच मोलाचा. जाड्याभरड्या थरात घट्ट द्रव भरलं की तिथला विरोध वाढतो, आणि विहिरीतून येणाऱ्या पुढच्या द्रवाला शेजारच्या बारीक थरात शिरायला भाग पडतं.

दोनच किलोंत एवढा चिकटपणा

यासाठी लागणारं पॉलिमर म्हणजे अंशतः जलविच्छेदित पॉलिअ‍ॅक्रिलामाइड. नाव जड आहे, पण वस्तू महाराष्ट्राला परकी नाही. आपल्या साखर कारखान्यांत उसाचा रस निवळवताना गाळ लवकर तळाशी बसावा म्हणून याच कुळातलं रसायन काही भाग प्रति दशलक्ष इतक्या अल्प मात्रेत घालतात. शहरांच्या पाणी शुद्धीकरण केंद्रांतही ते असतं. तेलक्षेत्रात मात्र या रसायनाच्या रेणूची साखळी फार लांब लागते. रेणुभार दोन कोटींच्या घरातला.

ही साखळी पाण्यात गेली की फुलते. तिच्यावरचे काही गट ऋणभारित असतात, ते एकमेकांना ढकलतात आणि गुंडाळी उलगडते. उलगडलेल्या लांब साखळ्या पाण्यात एकमेकींच्या वाटेत येतात, पाणी घट्ट होतं. एक घनमीटर पाण्यात दोन किलो भुकटी, म्हणजे हजारांत दोन भाग, आणि चिकटपणा कितीतरी पटींनी वाढतो.

पण हे उलगडणं नाजूक असतं. पाण्यात मीठ असेल तर ऋणभार झाकले जातात आणि साखळी आक्रसते. कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे दुहेरी भाराचे आयन तर आणखी वाईट. तापमान ७० अंशांच्या पुढे जाऊ लागलं की साखळीवरचे आणखी गट जलविच्छेदित होतात, आणि कॅल्शियम असेल तर ती सरळ साक्याच्या रूपात बाहेर पडते.

म्हणून आधी पाहायचं ते हे की क्षेत्र या रसायनाला मानवतं का. मंगलाचं पाणी तुलनेने कमी खारं, तापमान ६५च्या आत, खडक ऐसपैस, तेल मध्यम घट्ट. जणू पॉलिमरसाठीच घडवलेलं क्षेत्र. आपल्या अरबी समुद्रातल्या मुंबई हायशी तुलना करा. १९७४ साली सागर सम्राटने शोधलेल्या त्या क्षेत्राने देशाला दशकानुदशकं तेल दिलं आणि आज ते खरोखर वृद्ध आहे. पण तिथला खडक चुनखडीचा, तापमान शंभर अंशांच्या वर, पाणी समुद्राचं, आणि तेल आधीच इतकं पातळ की गुणोत्तर बिघडलेलंच नाही. तिथे हे पॉलिमर घालणं म्हणजे चुकीच्या रोग्याला चुकीचं औषध. क्षेत्राचं वय बघून पॉलिमरचा निर्णय घेता येत नाही, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्याजवळ नाही.

पद्धत भारताला नवी नव्हती. गुजरातेत साणंदला ओएनजीसीने १९८५ साली पॉलिमरचा पायलट, म्हणजे छोट्या प्रमाणावरची चाचणी, केला होता. जगात तर १९६४ पासून यावर शोधनिबंध आहेत. सर्वांत मोठा अनुभव चीनच्या दाचिंगचा. १९५९ साली सापडलेलं ते क्षेत्र सुमारे ४५ अंशांचं, पाणी गोडसर, तेल १० सेंटिपॉइजच्या आसपास. तिथे १९९६ पासून पॉलिमर औद्योगिक प्रमाणावर गेलं आणि पुढे वर्षाला एक कोटी टनांवर तेल त्यातून निघू लागलं. मंगलाच्या अभ्यासकांसमोर हे उदाहरण होतंच. अमेरिकेतलंही होतं, आणि ते सावध करणारं. १९८०च्या दशकात तिथे करसवलतींमुळे ढीगभर प्रकल्प झाले. अनेकांनी थोडंसं, पातळ पॉलिमर घातलं, ते खडकात विरून गेलं, आणि पद्धतच कुचकामी आहे असा बोभाटा झाला. थोडं घालणं हे न घालण्यापेक्षा वाईट, कारण खर्च होतो आणि उत्तर मिळत नाही.

ते विरून कसं जातं याचाही हिशोब करून पाहू. एक घनमीटर खडकात पोकळी २६ टक्के धरली तर तिच्यात २६० लिटर द्रव मावतं. दर घनमीटरला २ किलो या मात्रेने त्यात पॉलिमर झालं ५२० ग्रॅम. उरलेल्या वाळूचं वजन भरतं सुमारे १,९६० किलो. पॉलिमर वाळूच्या कणांना चिकटून बसतं. दर ग्रॅम वाळूमागे ३० मायक्रोग्रॅम धरलं तर जवळजवळ ५९ ग्रॅम खडकानेच गिळलं. म्हणजे अकरा टक्क्यांच्या आसपास. मात्रा निम्मी केली की हाच वाटा दुप्पट होतो, कारण खडकाची भूक फारशी कमी होत नाही. पातळ मात्रेचे प्रकल्प का फसले ते या एका गुणाकारात दिसतं.

आधी पाच विहिरी

मंगलासाठीच्या रासायनिक चाचण्या प्रयोगशाळेत झाल्या त्या उत्पादनाच्या आधी. खडकाच्या गाभ्यांतून पॉलिमर आणि पुढची रसायनं सोडून किती तेल सुटतं ते पाहिलं गेलं आणि २००८ साली त्यावरचे शोधनिबंध प्रसिद्धही झाले. या एका गोष्टीबद्दल मला या प्रकल्पामागच्या माणसांचं मनापासून कौतुक वाटतं. ज्या क्षेत्रातून अजून एक बॅरल निघालेलं नाही, त्याच्या शेवटच्या तेलाचा विचार करणं सोपं नसतं. कंपनीत सगळ्यांचं लक्ष पहिल्या तेलाच्या तारखेकडे लागलेलं असतं.

मग २०११च्या सुमारास पायलट. मांडणी क्लासिक फाइव्ह-स्पॉटची. चार कोपऱ्यांवर द्रव जमिनीत सोडणाऱ्या चार इंजेक्शन विहिरी, मधे एक उत्पादक, आणि निरीक्षणासाठी आणखी काही विहिरी. त्या मुद्दाम जवळजवळ खोदायच्या, म्हणजे उत्तर वर्षानुवर्षांऐवजी महिन्यांत मिळतं. आधी साधं पाणी, मग पॉलिमर. मधल्या विहिरीत पाण्याचा वाटा घसरला, तेल वाढलं. पायलट यशस्वी ठरला आणि २०१४च्या अखेरीस पूर्ण क्षेत्रावर पॉलिमर जायला सुरुवात झाली.

पायलटमधून एक गोष्ट मात्र कळत नाही, आणि ती प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला नव्याने भोगावी लागते. चार विहिरींना लागणारं द्रव बनवणं आणि शेकड्याच्या घरातल्या विहिरींना ते वर्षानुवर्षं रोज पुरवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत.

पोत्यापासून वाळूपर्यंत

दिवसाला एक लाख बॅरल द्रव सोडायचं असं धरू. ते झालं १५,९०० घनमीटर. घनमीटरला २ किलो या दराने रोज सुमारे ३२ टन भुकटी लागते. पंचवीस किलोंच्या पोत्यांचा हिशोब धरला तर १,२७२ पोती, रविवारही धरून. मंगलातलं इंजेक्शन याच्या काही पट आहे. म्हणून तिथे मध्यवर्ती केंद्रात आधी दाट मूळ द्रावण बनवतात. त्याला मदर सोल्यूशन म्हणतात. ते वेगळ्या वाहिन्यांतून वेलपॅडवर, म्हणजे विहिरींच्या समूहाच्या जागी, नेतात आणि तिथे पाण्यात मिसळून हव्या त्या मात्रेला आणतात.

पहिला धोका पहिल्याच पायरीवर. पिठलं करताना बेसन उकळत्या पाण्यात एकदम टाकलं की गुठळ्या होतात. बाहेरून ओल्या, आतून कोरड्या, आणि मग कितीही ढवळा, फुटत नाहीत. पॉलिमरची भुकटी अगदी तशीच वागते. प्रत्येक कणाला सुटं सुटं पाणी लागलं पाहिजे, म्हणून भुकटी पाण्याच्या जोरदार प्रवाहात पसरून सोडणारी खास यंत्रणा लागते. त्यानंतर टाकीत संथ ढवळत तासभराच्या आसपास मुरू द्यायचं. घाई केली तर न उलगडलेले कण खाली जातात आणि विहिरीच्या भोवतालच्या खडकात अडकून बसतात. गाळणीतून नमुना गाळून तो किती वेळात उतरतो, सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळेत किती फरक पडतो, हे रोज पाहावं लागतं. चाचणी साधी आहे, पण ती चुकवली तर महिन्यांनी त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरा धोका हवेतला प्राणवायू. पाण्यात विरघळलेलं लोह असतं, त्याच्याबरोबर प्राणवायू आला की साखळी तोडणारी अभिक्रिया सुरू होते आणि दिवसभरात चिकटपणा ढासळू शकतो. टाक्यांवर नायट्रोजनची चादर ठेवायची आणि गळतीची जागा सापडेपर्यंत चैन पडू द्यायचं नाही.

तिसरा धोका यांत्रिक. आणि नवख्यांना हाच सगळ्यात उशिरा पटतो. दोन कोटी रेणुभाराची साखळी म्हणजे फार लांब सूत. केंद्रोत्सारी पंपाच्या पात्यांत ती तुटते, अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हमधून दाबाने पिळून निघाली तरी तुटते. साध्या पाण्याच्या प्रकल्पात एका मोठ्या पंपातून सगळ्या विहिरींना पाणी देतात आणि प्रत्येक विहिरीच्या तोंडाशी चोक, म्हणजे प्रवाह आवळणारी झडप, घट्ट-सैल करून वाटणी करतात. पॉलिमरसाठी ही सवय सोडावी लागते. तिथे दट्ट्याचे पंप वापरतात, पॉलिमरवर चोकने दाब पाडायचा नाही, प्रवाहाचा वेग कमी ठेवायचा. वाकण, मीटर, गाळणी अशी एकेक जागा तपासायची. केंद्रातल्या टाकीत २५ सेंटिपॉइज दिसतं म्हणून खुश होण्यात अर्थ नाही. विहिरीच्या तोंडाशी, दाब न सोडता घेतलेल्या नमुन्यात काय दिसतं ते खरं. नमुना घेताना नळी झटकन उघडली तरी नमुन्यातलीच साखळी तुटते आणि आकडा खोटा येतो! म्हणून नमुना घेण्याचीही वेगळी सामग्री असते, आणि तो घेणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातावर अख्ख्या प्रकल्पाचा निदानाचा भरवसा उभा असतो.

चौथं, विहिरीच्या छिद्रांतून खडकात शिरतानाचा क्षण. विहिरीच्या भिंतीपाशी जागा थोडी आणि द्रव पुष्कळ, त्यामुळे वेग तिथेच सर्वाधिक. छिद्रं कमी असतील किंवा बुजलेली असतील, तर वर जपून आणलेलं सगळं तिथे शेवटच्या वीतभरात तुटू शकतं.

विहीर पॉलिमर घेत नाही तेव्हा

घट्ट द्रव जमिनीत घालायला जोर जास्त लागणार, हे उघड आहे. जोर किती लावायचा याला वरून मर्यादा असते. खडक भंगण्याच्या दाबापलीकडे गेलं तर तडा कुठे जाईल याची खात्री नसते, आणि तडा भलत्या थरात गेला की सगळी मेहनत तिथून वाहून जाते. मंगलाच्या उथळ, ढिल्या वाळूत तर हे जास्तच जपायला हवं. उत्पादक विहिरींतून जितकं द्रव निघतं तितकं जमिनीत परत गेलं नाही तर दाब उतरतो. दाब उतरला की उत्पादनही उतरतं, आणि मग कागदावर छान दिसणारं गुणोत्तर काहीच वाचवू शकत नाही.

मंगलात इंजेक्शन विहिरींची घेण्याची क्षमता कमी होत जाण्याचा प्रश्न पुढे आला आणि त्यावर बरंच काम करावं लागलं. असं का होतं याचं एकच उत्तर नसतं. अर्धवट भिजलेलं पॉलिमर, परत वापरलेल्या पाण्यातले तेलाचे थेंब, मेण, गंजाचे कण, वाळूचे बारीक कण हे सगळं विहिरीभोवतीच्या काही फुटांत साठून एक थर तयार होतो. मग विहिरी धुवाव्या लागतात. मेणासाठी गरम विद्रावकं, पॉलिमरच्या साक्यासाठी साखळी तोडणारी ऑक्सिडीकारक रसायनं. जी साखळी जपायला एवढा खटाटोप, तीच विहिरीच्या तोंडाशी मुद्दाम तोडायची. काही ठिकाणी नवी छिद्रं पाडावी लागतात, काही ठिकाणी जास्तीची विहीर खोदूनच उत्तर मिळतं. पॉलिमर प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात भुकटीची किंमत सगळे धरतात. विहिरी पुन्हापुन्हा दुरुस्त करायचा खर्च मात्र अनेकदा शेवटच्या पानावर एका ओळीत असतो. तो पहिल्या पानावर हवा.

परत आलेलं पॉलिमर

जमिनीत गेलेलं सगळं जमिनीत राहत नाही. काही काळाने उत्पादक विहिरींतून पॉलिमर वर येऊ लागतं. त्याच्या येण्याने दोन गोष्टी कळतात. नमुन्यात ते लवकर आणि भरपूर दिसलं तर त्या दोन विहिरींमध्ये एखादा फार मोकळा थर आहे, हे निदान होतं. आणि वरच्या यंत्रणेला नवा त्रास सुरू झाला आहे, हेही. तेल आणि पाणी वेगळं व्हायला घट्ट पाण्यात जास्त वेळ लागतो. तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात. मंगलात तर सगळं गरम ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तापलेल्या नळ्यांच्या पृष्ठभागावर पॉलिमर धातूंच्या आयनांसह करपल्यासारखं चिकटून बसतं. दुधाच्या पातेल्याचा तळ धरतो तसं. विहिरींतले तेल उपसणारे जेट पंप गरम पाण्याच्या जोरावर चालतात. तेच पाणी पुन्हापुन्हा फिरवायचं, तर त्यातलं पॉलिमरही फिरत राहतं.

म्हणून पॉलिमरचा आराखडा जमिनीखालच्या अभियंत्यांनी एकट्याने करू नये असं मी आग्रहाने म्हणेन. पाणी शुद्धीकरणाचा माणूस पहिल्या बैठकीपासून टेबलावर हवा.

वेळ आणि पैसा

मंगलात पॉलिमर सुरू झालं तेव्हाच कच्च्या तेलाचे भाव कोसळत होते. २०१४च्या मध्यावर शंभर डॉलरच्या वर असलेलं बॅरल जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्या खाली गेलं. रासायनिक प्रकल्प बंद करायला यापेक्षा मोठं निमित्त मिळत नाही. जगात तेव्हा असे प्रकल्प गुंडाळलेही गेले. मंगलातलं चालू राहिलं.

ते परवडण्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. चांगल्या चाललेल्या क्षेत्रांचा सर्वसाधारण अनुभव असा, की जास्तीच्या प्रत्येक बॅरलमागे एक ते तीन किलो पॉलिमर लागतं. किलोला दोन-तीन डॉलर धरले तरी बॅरलमागे रसायनाचा खर्च पडत्या भावातही झेपण्यासारखा राहतो. विहिरी, वाहिन्या, केंद्र यांचा भांडवली खर्च एकदा झालेला असतो. शिवाय प्रत्येक बॅरलमागे उपसावं, तापवावं आणि परत सोडावं लागणारं पाणी कमी होतं, हा फायदा वाळवंटात वेगळाच.

पण या गणितातली सर्वांत मोठी संख्या तारीख आहे. पाणी दहा-पंधरा वर्षं धावून वाटा पक्क्या झाल्यावर पॉलिमर घातलं तर त्याला आधी त्या वाटा भराव्या लागतात, मग कुठे ते बाजूच्या तेलाकडे वळतं. तोवर विहिरी जुन्या, नळ गंजलेले, पाणी हाताळायची यंत्रणा काठोकाठ भरलेली, आणि व्यवस्थापनाचा धीर संपत आलेला असतो. मंगलात वाटा पडायला लागल्या होत्या पण रुळल्या नव्हत्या. पाच वर्षं साधं पाणी चालवल्यामुळे कोणती विहीर कोणाशी बोलते हेही कळलं होतं. त्याहून आधी, अगदी पहिल्या दिवसापासूनच पॉलिमर द्यायला हवं होतं असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही, कारण खडकाची ओळख पटायच्या आत महागडं द्रव आंधळेपणाने घालणं हा जुगार झाला असता.

देशाच्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून आणतो. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धित तेलप्राप्तीला, म्हणजे अशा पद्धतींनी जास्तीचं तेल काढण्याला, प्रोत्साहन देणारं धोरण मंजूर केलं. जास्तीच्या तेलावरच्या उपकरात त्यात सवलत आहे. धोरण येईपर्यंत मंगलात पॉलिमर घालून चार वर्षं होत आली होती. केर्न इंडिया दरम्यान २०१७ साली वेदांता कंपनीत विलीन झाली, आणि पुढे पॉलिमर भाग्यम आणि ऐश्वर्या या शेजारच्या क्षेत्रांतही गेलं. भाग्यमचं तेल मंगलाहून घट्ट, त्यामुळे तिथे साध्या पाण्याची हार आणखी लवकर दिसते.

जे पॉलिमरलाही सुटत नाही

पॉलिमर पाण्याला नवीन जागी नेतं. पाणी जिथून आधीच गेलंय तिथे वाळूच्या कणांच्या बेचक्यांत अडकलेले थेंब मात्र त्याने हलत नाहीत. तेल आणि पाणी यांच्यामधला पृष्ठताण त्यांना धरून ठेवतो, आणि चिकटपणा कितीही वाढवला तरी नेहमीच्या दाबात ती पकड सुटत नाही. त्यासाठी साबणाच्या जातीची रसायनं लागतात. मंगलाच्या तेलात काही सेंद्रिय आम्लं आहेत, म्हणून पाण्यात अल्कली घातली की थोडा साबण जमिनीतच तयार होतो. त्याला बाहेरून सर्फॅक्टंटची, म्हणजे तयार साबणासारख्या रसायनाची, जोड दिली की पृष्ठताण हजारो पटींनी उतरतो.

२०१४-१५ मध्ये पायलटच्या त्याच विहिरींतून ही चाचणी झाली. पॉलिमरने जे तेल द्यायचं ते देऊन झालेल्या खडकात चार कोपऱ्यांवरच्या विहिरींतून अल्कली, सर्फॅक्टंट आणि पॉलिमर हे तिन्ही एकत्र सोडले, आणि मधल्या विहिरीत पुन्हा तेल आलं. त्या मिश्रणातून पॉलिमर वगळता आलं नसतं. साबणाचं पाणी पातळ असेल तर तेही पहिल्या पाण्याच्याच वाटांनी पळून जातं.